बासरीचं माप ग्रुपवर टाकण्याआधी

विकत घेतलेल्या बासरीला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) लावून मापं काढा, खुशाल काढा. दुरुस्तीला लागतात, शिकायला लागतात. पण तीच मापं कारागिराला न विचारता चारचौघांत वाटणं मला पटत नाही.

लांबी आणि स्वराचं गणित कोणाच्या बापाचं नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला 346 मीटर धरला तर 440 हर्ट्झच्या स्वराची अर्धी तरंगलांबी 39 सेंटिमीटरच्या आसपास येते. त्या स्वराला नळी त्याहून थोडी आखूड लागते. एवढं कुणालाही सांगा. कारागिराची कमाई पुढे आहे: नळीचं बंद टोक अडवणारं बूच फुंकायच्या भोकापासून किती दूर, भोकाची आतली कड किती तासली, कोणतं भोक मुद्दाम बारीक ठेवलं.

नुसते आकडे फसवतातही. आपल्या मेळघाट-गडचिरोलीतला मानवेल बांबू जाड भिंतीचा, पोकळी अरुंद, कधी चक्क भरीव. आसामच्या पातळ बांबूची मापं त्यावर उतरवली की भोक खोल होतं आणि त्याचा स्वर उतरतो. म्हणून परवानगी मिळाली तरी आतला व्यास आणि भिंतीची जाडी दिल्याशिवाय भोकांची अंतरं देऊ नका. करणाऱ्यानेही तापल्या सळईने भोक आधी बारीकच पाडावं, ट्यूनर (स्वर मोजणारं यंत्र) पाहत वाढवावं. मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही.

डिझाइन्स अ‍ॅक्ट, 2000 नोंदणी केलेल्या वस्तूचं रूप राखतो, 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5. आतल्या मापांना त्याचा उपयोग नाही. तेव्हा कारागिरालाच सरळ विचारा: दादा, मापं ग्रुपवर टाकू का? सोबत तुमचं नाव टाकू का? यावरून कोणी विकायला बासऱ्या केल्या तर चालेल का? नको म्हणाले तर लांबी आणि व्यासावर थांबा.