माळव्यात एमटीबी : एका जुन्या सायकलची आठ महिन्यांची वही

जूनमध्ये भाच्याने त्याची जुनी एमटीबी, म्हणजे कच्च्या-दगडी रस्त्यांवरची माउंटन बाइक, आमच्या अंगणात आणून टेकवली आणि म्हणाला, ‘‘मावशी, भंगारात देण्यापेक्षा तू चालव.’’ स्टीलची फ्रेम, साडेसत्तावीस इंची चाकं, पुढे ३ मागे ७ असे २१ गियर, तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, आणि दाबला की लगेच बसणारा, वर यायला मात्र कां-कूं करणारा शॉकर. इंदूरच्या निम्म्या पार्किंगांत अशी एक सायकल धूळ खात उभी असते. माझं वय ४३, वजन ६४ किलो, सायकलचा अनुभव म्हणजे शाळेत असताना लोकमान्य नगर ते राजवाडा. ठरवलं एवढंच, की नवीन घ्यायची नाही. जे मोडेल किंवा मला पाडेल तेच बदलायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. आता फेब्रुवारी आहे. वहीत बरंच साचलंय, त्यातलं कामाचं इथे उतरवते.

जूनअखेरची पहिली नोंद तीनच शब्दांची आहे : ‘काळी माती. उचलली.’ बायपासच्या पलीकडच्या एका शेतरस्त्यावर गेले होते. रात्री पाऊस होऊन गेलेला, सकाळी लख्ख ऊन, वरून रस्ता सुकल्यासारखा. पन्नासेक पावलं गेले आणि मागचं चाक फिरेना. ही माती टायरला चिकटते, तिला गवत-काडी चिकटते, आणि तो सगळा गिलावा टायर आणि फ्रेमच्या फटीत ठासून बसतो. ढकलली तर चाक न फिरता नुसतं घसरतं. शेवटी खांद्यावर घेतली, तर मूळची १५ किलोची सायकल चिखलासकट किती झाली असेल ते माझ्या खांद्याला विचारा. काडीने उकरत बसले होते तेव्हा एक आजोबा बैलजोडी घेऊन बाजूने गेले. म्हणाले, ‘‘बाई, इत्ता कीचड़ में तो बैल भी नी चले.’’

‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची म्हण इथे सगळ्यांना पाठ असते. त्या नीराचं पुढे काय होतं ते एमटीबीवाल्यालाच कळतं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि ते सोडायला दिवस घेते. मुरमाचा किंवा दगडाचा उतार मात्र एका उन्हात मोकळा होतो. म्हणून पावसाळ्यात आता एकच परीक्षा करते : रस्त्यावरची चिमूटभर माती तळहातावर वळायची. गोळी झाली तर घरी जाऊन पोहे खायचे, भुगा झाला तर पुढे. ओल्या शेतरस्त्यातून सायकल घातली की खोल चाकोऱ्या पडतात आणि त्या वाळून दगड होतात, त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला मग त्यांचाच त्रास.

जुलै-ऑगस्ट सगळा हवेच्या दाबात गेला. दुकानात ‘हवा टाइट’ म्हणजे ५० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) पुढे. त्या दाबाने दगडावर सायकल चेंडूसारखी उडते आणि वळणावर पुढचं चाक हातातून निसटतं. दर फेरीला थोडी थोडी हवा काढत गेले. माझ्या वजनाला, २.१ इंची टायरला, आत ट्यूब असताना, पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआयवर सायकल जमिनीला धरून चालली. मागे २६ केले त्या दिवशी एका धारदार दगडावर ‘ठप्’ असा आवाज आला आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या, साप चावल्यासारख्या. ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली की अशाच दोन पडतात. एकच भोक असेल तर काटा शोधा, दोन असतील तर हवा वाढवा. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी माझे आकडे घेऊ नयेत. ३५ पासून सुरू करून दोन-दोनने खाली यावं. हे सगळं करायला आकडा दाखवणारा पंप लागतो, अंगठ्याने दाबून २८ आणि ३२ मधला फरक कळत नाही. एवढ्या सगळ्या खरेदीत त्या पंपाइतकं काहीच उपयोगी पडलं नाही.

काटे. बाभळीचे काटे बारा महिने, गोखरू पावसानंतर, आणि ऑक्टोबरात सोयाबीन निघालं की शेताच्या कडेला राहिलेली खुंटं. ही खुंटं तिरकी कापलेली आणि वाळून कडक झालेली असतात, ट्रॅक्टरचे टायरसुद्धा खराब करतात. आपली सायकल किस झाड की पत्ती! पंक्चर बुजवायला ट्यूबमध्ये घालायचं हिरवं द्रव पुढच्या चाकात आजही आहे आणि गोखरूला पुरतं. मागे काय केलं ते सांगते, पण त्याआधी ॲक्सल, म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा.

सप्टेंबर, सिमरोलच्या अलीकडे. छोटा उतार, फूटभर उंचीची एक पायरी, त्यावरून उतरले. फार काही नव्हतं. खाली आल्यावर मागचं चाक डावी-उजवीकडे डुलायला लागलं आणि डिस्क घासायला लागली. मेकॅनिकने चाक काढलं, ॲक्सल बाहेर ओढला तर हातात दोन तुकडे. ‘‘दीदी, इसका तो येइच होना था.’’ मग त्याने जे दाखवलं ते प्रत्येकाने आपल्या सायकलवर बघून घ्यावं. स्वस्त सायकलींमध्ये मागचे गियर म्हणजे एक अख्खं फ्रीव्हील असतं, ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी फिरवून बसवतात. त्यात हबचं उजवं बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, पार चाकाच्या मध्याकडे राहतं. म्हणजे फ्रेमपासून बेअरिंगपर्यंतचा दोन बोटांहून लांब ॲक्सल अधांतरी. सगळा मार त्यावर. दुसरा प्रकार कॅसेटचा, त्यात नुसत्या चकत्या हबवर सरकवून बसवतात. कॅसेटच्या हबमध्ये उजवं बेअरिंग पार टोकाशी, फ्रेमला लागून असतं, म्हणून तो ॲक्सल सहसा वाकत नाही. ओळखायचं कसं? सगळ्यात लहान दात्यांच्या चकतीशी बघा. चकती फिरवली तरी आतली खाचांची रिंग तिच्याबरोबर फिरत नसेल तर फ्रीव्हील, तिच्याबरोबरच फिरत असेल तर कॅसेट. डांबरी रस्त्याला फ्रीव्हील चालतं, पायऱ्या उतरायच्या असतील तर नाही.

या एका तुटलेल्या ॲक्सलने पुढचा सगळा खर्च ओढून आणला. नशिबाने फ्रेमची मागची रुंदी १३५ मिलिमीटर निघाली, त्यामुळे कॅसेटचं, ३२ आऱ्यांचं, ट्यूबलेस चालेल असं चाक सरळ बसलं. चाक बदललंच आहे तर जुने ७ गियर कशाला, म्हणून ९ चकत्यांची, ११ ते ४६ दात्यांची कॅसेट, पुढच्या तीन चकत्या काढून ३० दात्यांची एकच, आणि गियर बदलणारा, चेन ताणून धरणारा क्लचवाला डिरेलर. इथे एक हिशेब मांडते, कारण ‘२१ चे ९ केलेस म्हणजे तोटाच की’ असं मला तिघांनी तरी ऐकवलं. जुन्या सायकलीत सगळ्यात हलका गियर पुढे २४ दाते, मागे २८. माझ्या चाकाचा घेर साधारण २.१७ मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.८६ मीटर सरकायची. आता ३० ला ४६, म्हणजे १.४२ मीटर. तेवढ्याच दमात चढ जवळजवळ चतुर्थांशाने हलका झाला. जोरात पळण्याचा वेग गेला, तो गेला. इथे पळायचंय कुणाला?

दसऱ्याला नव्या चाकाला झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्याच दिवशी ट्यूबलेस करायला बसले. रिमला टेप, त्यात व्हॉल्व्ह, टायर बसवून आत ८० मिली सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव. टायर रिमवर बसताना ‘फट् फट्’ असे दोन आवाज आले नाहीत तर तो बसलेला नाही. फडताळातल्या साध्या पंपाने बसेना, पेट्रोल पंपावरच्या हवेने बसला. मागे आता २५ पीएसआय. नोव्हेंबरात टायरमधून सात काटे उपटले, पंक्चर शून्य. सीलंट मात्र आपल्या उन्हाने सुकतं. दोन-अडीच महिन्यांनी व्हॉल्व्हची पिन काढून आत काडी घालून बघायची, ओली आली तर ठीक.

ब्रेकची गोष्ट माझ्या मूर्खपणाची आहे. तारेचे ब्रेक लांब उतारावर चारही बोटांनी दाबावे लागायचे आणि खाली येईतो हात बधिर. तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक घातले, पहिल्या उतारावर हसू आलं, इतका फरक. नवे पॅड डिस्कवर रुळावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक जाम न करता, वीसेक वेळा ब्रेक दाबून घेतले. आणि पुढच्या रविवारी चेनला तेलाचा फवारा मारला, उभ्या सायकलीवर, मागे फडकं न धरता. डिस्कवर तेल. गल्लीतली कुत्री भुंकतील असा कर्कश आवाज आणि ब्रेक लागेचना. डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड काचकागदावर घासले, दोन दिवस बरं, पुन्हा तेच. पॅडने तेल पिलं की संपलं, नवीनच आणावे लागतात. तेव्हापासून चेनला थेंब-थेंब तेल, एकेका कडीला, आणि मग वरचं सगळं पुसून टाकायचं. वर राहिलेलं तेल नुसती धूळ धरतं.

डिसेंबरात चोरल गावाकडची फेरी. पुण्या-नाशिककडच्या मित्रांना हे समजावून सांगावं लागतं : तुम्ही घाट चढता आणि उतरत घरी येता. आमचं इंदूरच पठारावर, साडेपाचशे मीटरवर. दक्षिणेला विंध्याची कड संपली की जमीन एकदम नर्मदेकडे उतरते. म्हणजे मजा सकाळी, चढ दुपारी घरी येताना, पाय संपलेले असताना. त्यामुळे इथे खाली उतरताना निम्मं पाणी राखून ठेवायचं. वाटेतल्या भेरूघाटात ट्रकांची रीघ असते, म्हणून चोरलपर्यंत सायकली गाडीत घातल्या आणि तिथून नदीकाठच्या कच्च्या रस्त्याने काळाकुंडकडे निघालो, मी, भाचा आणि शेजारचे काका, ज्यांना साठीनंतर आमच्यासोबत यायची हौस आली आहे.

हा रस्ता चोरल नदी पुन्हा पुन्हा ओलांडतो. पाणी घोट्याच्या वर नव्हतं, पण तळाला शेवाळलेले गोटे. पहिल्या ओलांडणीला मी गोट्यांकडे बघत राहिले आणि गोट्यातच गेले. भाचा पलीकडून ओरडला, ‘‘मावशी, जिथे जायचंय तिथे बघ!’’ दुसऱ्या वेळी हलका गियर आधीच टाकला, पलीकडच्या काठावरच्या सागाच्या झाडावर नजर ठेवली, पेडल न थांबवता मारत राहिले, आणि चाक आपोआप गोट्यांमधून वाट काढत गेलं. पाण्यात पेडल थांबवलं की संपलं. मधे काकांच्या पुढच्या टायरची बाजू दगडाने नखभर फाटली. तिथे सीलंट काय करणार? चिप्सच्या पाकिटाची दुहेरी घडी आतून लावली, वर ट्यूब, आणि ते घरापर्यंत आले. ते पाकीट अजून तिथेच आहे, काका टायर बदलायला तयार नाहीत. काळाकुंडला स्टेशनवर पानाच्या द्रोणात कलाकंद मिळतो. त्यासाठी मीटरगेजच्या गाडीने लोक येतात, आम्ही सायकलने गेलो. रुळांच्या कडेने सायकल घालायचा मोह होतो, घालू नका. आणि पावसाळ्यात हा रस्ता नाहीच. इथल्या नद्या वर कुठेतरी पडलेल्या पावसाने मिनिटांत चढतात. २०११ साली पातालपाणीच्या धबधब्यापाशी पाण्यात उभी असलेली माणसं वाहून गेली होती.

रालामंडल हे अभयारण्य आहे, आम्ही फाटकाच्या आत सायकल नेत नाही. जानापावच्या डोंगरावर दोनदा गेलो. ८५४ मीटर, वर जायला डांबरी रस्ता, चढाचा सराव म्हणून उत्तम, बाकी विशेष नाही.

जानेवारीत दोन गोष्टी. एक, पडले. मुरमावर वळताना पुढचा ब्रेक दाबला, डोकं दगडावर. मला काही झालं नाही, हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलला केसाएवढी चीर. ते फेकलं. बाहेरून नवंच दिसत होतं म्हणून घरात सगळे हळहळले. नवीन घेताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी या सुरक्षा मानकांचा शिक्का आहे का आणि मागे मानेच्या वरपर्यंत झाकतं का, एवढंच पाहिलं.

दोन, शॉकर. हवेवर चालणाऱ्या शॉकरचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला, कार्टमध्ये टाकलाही होता. मग मोजमाप केलं. शॉकरचा दांडा ज्यात बसतो ती माझ्या फ्रेमची हँडलखालची नळी सरळ, चांगले शॉकर आता बहुतेक खाली जाड होणाऱ्या दांड्याचे येतात, ते आत जाणारच नाहीत. त्यांचा पुढचा ॲक्सल १५ मिलिमीटरचा, माझ्या हबचा ९. म्हणजे शॉकरबरोबर पुढचं चाकही नवीन. एवढ्यात नव्या सायकलीचे निम्मे पैसे होतात. शॉकर मोडलेला नाही, त्याने मला पाडलेलंही नाही. वरची गोल कळ फिरवून तो कडक होतो हा गैरसमज मात्र गेला, ती स्प्रिंग फक्त आधीच थोडी दाबून ठेवते. नळ्या पुसून धुळीच्या रबराखाली दोन थेंब शॉकरचं तेल सोडते, तेवढ्याने तो पूर्वीपेक्षा बरा वर येतो.

आतापर्यंतचा खर्च, पंप आणि हेल्मेट धरून, २१ हजारांच्या आसपास. त्यात तेलाने वाया घालवलेले पॅडही आले.

सध्या चढावर उजवं पेडल खाली जाताना एक ‘टक्’ येतं. काका म्हणतात बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दोन दांड्यांमधलं बेअरिंग), भाचा म्हणतो पेडल. पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून पाहिलं, आवाज तसाच. पण उभं राहून मारलं की येत नाही, म्हणजे बहुधा सीटपोस्टच, सीटखालचा दांडा. रविवारी काढून, पुसून, ग्रीस लावून बघते.