ग्रासकटरचा काळा पडणारा प्लग

पाऊस ओसरला की आमच्या काजूच्या बागेत बेणणीची, म्हणजे गवत काढायची, घाई सुरू होते. यंदा नेमका तेव्हाच ग्रासकटर अडून बसला. चोक दिला की फटफटायचा, अ‍ॅक्सिलेटर दाबला की गुदमरून बंद. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला.

इंजिन निवल्यावर पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगभोवतीची माती फुंकून काढली, नाहीतर प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लगचं आतलं पांढरं, चिनी मातीचं टोक काजळीने मिट्ट झालं होतं. काजळीतून वीज वाहते. त्यामुळे प्लगच्या टोकाच्या फटीत ठिणगी पडण्याऐवजी करंट काजळीवरूनच प्लगच्या लोखंडी अंगात उतरतो. प्लग मेलेला नसतो, त्याचा करंट गळत असतो.

पेट्रोलमध्ये भिजवून पितळी ब्रशने हलक्या हाताने घासला. लोखंडी तारेचा ब्रश मी लावत नाही. त्याचा धातू चिनी मातीवर उमटतो आणि करंटला पुन्हा तीच वाट मिळते. पॉलिश पेपर फक्त फटीच्या दोन्ही तोंडांना लावला आणि प्लग परत पेट्रोलने धुतला, कारण राहिलेली कच सिलिंडर खरवडते. वाळूच्या फवाऱ्याने प्लग साफ करून घ्यायला माझा त्याच कारणाने विरोध आहे. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावून फट 0.6 मिमी ठेवली. मग प्लगवर वायरची टोपी चढवून त्याचे आटे सिलिंडरच्या पात्यांना टेकवले आणि दोरी ओढली. निळी ठिणगी! हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांबच धरायचा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.

मशीन चालू झालं, पण थोड्याच दिवसांत प्लग पुन्हा काळा. तेव्हा काजळी नीट बघितली. ओली, तेलकट असेल तर पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल जास्त झालंय असं समजावं. आमची कोरडी, भुकटीसारखी होती, म्हणजे हवा कमी पडत होती. एअर फिल्टरचा स्पंज उघडला तर गवताच्या भुशाने गच्च! साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवला. खरं दुखणं तिथे होतं.

आमच्या मशीनच्या पुस्तकात 50:1 लिहिलंय, म्हणजे लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑईल. जुन्या काही मशीनना 25:1 लागतं, म्हणून गावात सरसकट 40 मिली ओतायची पद्धत पडलीय. ‘जास्त ऑईल म्हणजे इंजिनाला आराम’ हे मला अजिबात पटत नाही. प्लग तेलकट व्हायला तेवढंच पुरतं. मशीन उगाच मंद चालत ठेवणंही वाईट. प्लगचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच काजळी आपसूक जळते.

आता टोक बिस्किटी रंगाचं राहतं, दोरीही पटकन लागते. चिनी मातीला तडा गेला असेल किंवा इलेक्ट्रोडच्या, म्हणजे फटीच्या दोन्ही तोंडांच्या, कडा झिजून गोल झाल्या असतील, तर मात्र घासत बसू नका, नवाच घाला. आणि कुठलाही प्लग आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवून मगच पाना लावा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट.