बुधवार, माहीम

उद्या सकाळी आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. संमतिपत्रावर सही करताना हात थरथरत होता, आणि प्रार्थना करावी म्हटले तर शब्दच सुचत नव्हते. रुग्णालयातून मी थेट माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये गेले, जिथे १९४८ सालापासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मारियामातेची सामूहिक प्रार्थना, होते. बाकांवर जागा नव्हती, म्हणून मागे उभी राहिले. शेजारच्या अनोळखी वृद्ध बाई सर्वांबरोबर 'नमो मारिया' ही मारियामातेची प्रार्थना म्हणत होत्या. माझ्या तोंडून न निघालेले शब्द त्या शेकडो कंठांतून निघत होते, आणि हळूहळू मीही त्यांत मिसळले. प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थनाही 'माझ्या' नव्हे, 'आमच्या' पित्याला उद्देशून आहे, हे आज प्रथमच मनापासून जाणवले.

बायबलमधील स्तोत्र ५६ मध्ये, शत्रूंच्या, म्हणजे पलिष्टी लोकांच्या, हाती सापडलेला स्तोत्रकर्ता दावीद भीती वाटेल तेव्हा देवावर भरवसा ठेवण्याविषयी बोलतो. भीती वाटणारच नाही, असे तो म्हणत नाही. (इतकी वर्षे वाचूनही हा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता.) मला अजूनही भीती वाटते आहे. आई मात्र शांत झोपली आहे, उशाशी तिची जपमाळ आहे. सकाळी साडेसातला, असाल तिथून, तिच्यासाठी एक प्रार्थना म्हणा.