तुम्ही विचारलेत म्हणून : ससा अंगणात सोडताना

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या कुंपणाशी सकाळी फिरायला निघालेली माणसे हमखास थांबतात. आत तांबू आणि ढवळी हे दोन ससे हरळी खात असतात आणि मी शेजारी पाटावर बसलेली असते. मग प्रश्न येतो, आणि तो बहुधा याच शब्दांत येतो : "काकू, आम्हीही ससा आणलाय, पण बाहेर सोडायची भीती वाटते. तुम्ही कसे सोडता?" कुंपणापाशी उभ्या उभ्या याचे उत्तर पुरे होत नाही आणि अर्धवट उत्तरामुळे एखाद्या मुक्या जिवाचे बरेवाईट व्हायचे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकते. ससे बाहेर असतात तेवढा वेळ मी तेथून उठत नाही. जाळी, सावली, वेळ, गवत यांविषयी पुढे जे लिहिले आहे, ते सगळे या गोष्टीच्या नंतरचे आहे. हे मला कापशीमुळे कळले.

कापशी ही आमच्याकडे आलेली पहिली मादी, पांढरीशुभ्र आणि लाल डोळ्यांची. तिच्यासाठी आम्ही लोखंडी चौकटीचा, चांगल्या जाळीचा पिंजरा बनवून घेतला होता आणि तो अंगणात ठेवला की ती सुरक्षित आहे, अशी माझी पक्की समजूत होती. एके दिवशी सकाळी नळाला पाणी आले. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येते तेव्हा घरातील माणूस हातातील काम टाकून धावतो, तशीच मीही धावले. हंडे, पिंप, टाकी भरण्यात वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. बाहेर आले तेव्हा पिंजऱ्याच्या छपरावर एक बोका बसला होता आणि कापशी कोपऱ्यात अंग चोरून, डोळे विस्फारून निश्चल बसली होती. बोक्याला हाकलले, तिला उचलून घरात आणले. तिच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता, जाळी शाबूत होती, कडी जशीच्या तशी लागलेली होती. तासाभरात कापशी गेली. पशुवैद्यांनी तिला तपासून सांगितले की भीतीचा धसका तिच्या हृदयाला सोसला नाही.

ससा हा सगळ्यांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे आणि त्याचे सारे शरीर त्याच हिशेबाने घडलेले आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचे आणि वरचेही दिसते. फक्त नाकाच्या अगदी पुढ्यातले दिसत नाही. धोका जाणवला की तो मागचा पाय जमिनीवर आपटतो, आणि तो आवाज ऐकला की मी आधी आजूबाजूला आणि मग वर आभाळात पाहते. त्याचा सांगाडा फार हलका, म्हणजे वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो, पण मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त असतात. त्यामुळे घाबरून त्याने बंद जागेत किंवा आपल्या हातात जोरात लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडू शकतो. म्हणूनच जाळी मांजराला आत येऊ देत नसली, तरी मांजराची भीती जाळीतून आत येतेच, आणि ती अडवायला माणूस तेथे बसलेला असावा लागतो.

"ससा तर रानातलाच, त्याला मोकळ्याची सवय असतेच की," असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. यात एक मोठा गैरसमज आहे, आणि तो आपल्या भाषेमुळे झाला आहे, कारण आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच शब्द वापरतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर किंवा ज्वारीच्या रानात दिसणारा रानससा हा वेगळा प्राणी. तो बीळ खणत नाही, गवतात नुसता खोलगट जागा करून बसतो, त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात आणि संकट आले की तो उघड्यावर वेगाने पळून जीव वाचवतो. आपण पाळतो ते ससे मूळ युरोपातील जातीचे. त्यांची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात, आणि त्यांचा आसरा म्हणजे जमिनीतील बीळ. पळणे त्यांनाही येते, पण ते बिळापर्यंतचे पळणे. ज्या अंगणात शिरायला बीळ नाही, तेथे पाळलेला ससा उघडा पडलेला असतो. (कापणीच्या दिवसांत मुले रानसशाची पिले उचलून आणतात, त्यांनाही येथेच सांगते : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडणे आणि पाळणे गुन्हा आहे. शिवाय ती पिले बहुधा पोरकी नसतात. मादी दिवसभर त्यांच्यापाशी बसून राहत नाही, अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. पिलू जेथून आणले तेथेच ठेवून यावे.)

तेव्हा सशाला बाहेर काढण्यापूर्वी त्याच्यासाठी लपायची जागा मांडावी. आमच्याकडे दोन जुने माठ आहेत. एकाचा बूड फुटला होता; तो नीट गोल फोडून घेतला, कडा कानशीने घासून बोथट केल्या आणि माठ आडवा ठेवून दोन्ही बाजूंना विटा लावल्या. आता त्याला दोन तोंडे झाली आहेत, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण एकाच तोंडाच्या जागेत ससा कोंडला जातो. कावळा जरी जोरात ओरडला, तरी ढवळी थेट त्या माठात शिरते, दुसऱ्या तोंडातून फक्त नाक बाहेर काढते आणि नाकपुड्या हलवत बराच वेळ अंदाज घेते. आंब्याची लाकडी पेटी दोन बाजूंनी कापूनही चालते. मात्र तिचे खिळे काढून टाकावेत.

मांजराइतकेच सोलापुरात उन्हाला भ्यावे लागते. सशाच्या अंगाचे तापमान मुळातच ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनही त्याला फारसे निवता येत नाही. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे कानांतील रक्तवाहिन्या. हवा ३० अंशांच्या पुढे गेली की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, म्हणजे हवा सशाच्या अंगापेक्षाही तापलेली असते. अशा हवेत कानांतून उष्णता बाहेर पडण्याऐवजी आतच येते आणि पंखाही फक्त गरम वारा फिरवतो. म्हणून मार्चच्या मध्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत आमचे ससे फक्त पहाटे, उजाडल्यापासून साधारण सात वाजेपर्यंत बाहेर असतात. संध्याकाळी ऊन उतरले तरी मी त्यांना काढत नाही, कारण दिवसभर तापलेली जमीन आणि भिंती रात्रीपर्यंत धग सोडत राहतात. हिवाळ्यात मात्र सकाळी उशिरा आणि दुपारी चारनंतरही सोडते.

आपल्याकडील बहुतेक अंगणांत शहाबादी फरशी असते. सावलीत ती थंडगार लागते, पण उन्हात तव्यासारखी तापते, आणि सशाच्या पायांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. मी तळहात उलटा करून फरशीवर ठेवते आणि मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे म्हणते. त्याआधी हात उचलावासा वाटला, तर त्या दिवशी बाहेर जाणे नाही. सावलीही सरकत असते, हे ध्यानात ठेवावे. साडेसहाला पूर्ण सावलीत ठेवलेला पिंजरा आठला पूर्ण उन्हात आलेला मी पाहिला आहे. पत्र्याखालची सावली तर सावली म्हणूच नये.

ऊन लागलेला ससा ओळखता आला पाहिजे. तो भराभर श्वास घेतो, नाक ओले होते, कान लालसर आणि गरम लागतात, लाळ गळू लागते आणि तो अंग टाकून पडतो. अशा वेळी त्याला आत गार जागी न्यावे, साध्या गार पाण्यात बोटे बुडवून कान ओले करत राहावे, आणि त्याच अवस्थेत पशुवैद्यांकडे निघावे. बर्फाचे पाणी ओतू नये आणि बादलीत तर मुळीच बुडवू नये; त्या धक्क्याने उरलेला जीवही जाईल. एरवी उन्हाळ्यात घरात मी पाण्याची बाटली गोठवून ती आपल्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या शेजारी ठेवते. त्या टॉवेलाचे टाके पाणी छान धरून ठेवतात, आणि तांबू दुपारभर त्याला पाठ लावून पडतो.

आता जाळीविषयी. षट्कोनी छिद्रांची पातळ कोंबडी-जाळी घेऊ नये, कारण ससा ती कुरतडतो आणि भटका कुत्रा ती ओढून फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी महाग पडते, पण तीच घ्यावी. आम्ही सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच अशी चौकट केली आहे आणि तिला वरूनही जाळी आहे. घारीचे स्वतःचे वजन किलोच्या आसपास असते, त्यामुळे वाढलेला दोन किलोचा ससा ती उचलून नेणार नाही, पण पिलू सहज नेते, आणि मोठ्यावर नुसती झडप घातली तरी काय होते ते कापशीच्या बाबतीत मी सांगितलेच आहे. खालच्या बाजूला जाळी फूटभर आत वळवून मातीखाली दाबली आहे, कारण ससा कडेलाच खणू लागतो आणि तेथे त्याला जाळी आडवी येते. शेजारी रिकामे प्लॉट असतील, तर मुंगूस आणि साप येतातच. कुंपणालगतचे वाढलेले गवत कापून ठेवावे आणि विटांचे ढीग हलवावेत.

गवत खाऊ घालताना ते कोठले आहे हे विचारल्याशिवाय घालू नये. रस्त्याकडेच्या गवतावर कुत्री मुततात, तणनाशकही मारलेले असते. डासांसाठी गल्लीत धूर फवारायला गाडी आली, तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मी अंगणातील गवत त्यांना देत नाही. सशाला उलटी करता येत नाही. जे विष पोटात गेले ते गेलेच. आपल्या अंगणांतील शोभेची कितीतरी झाडे विषारी आहेत. कण्हेर, बिट्टी, घाणेरी, धोतरा, एरंड, रुई, सदाफुली यांपैकी एकही त्यांच्या तोंडाच्या टप्प्यात नसावे, आणि गाजर गवताचे नाव गोड असले तरी ते उपटून टाकावे. हरळी मात्र पोटभर खाऊ द्यावी.

पावसाळ्यात ओल्या गवतावर सोडू नये. ओल्या आणि शेण लागलेल्या केसांवर माशा अंडी घालतात, एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि त्या जिवंत सशाचे मांस खातात. बाहेरून आत आणल्यावर रोज शेपटीखाली पाहणे हा यावरचा उपाय आहे, आणि त्याला अर्धे मिनिट लागते.

सोलापुरातील सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतील शोभेचे दारूकाम, दिवाळी आणि विसर्जनाच्या मिरवणुका या दिवसांत आमचे ससे मधल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून असतात. शेजारच्या सशाला "खेळायला" आणू देऊ नये, हेही जाता जाता सांगते. नर-मादी असतील तर महिन्याभरात पिले, आणि दोन नर असतील तर रक्तबंबाळ भांडण.

सर्वांत जास्त इजा होते ती ससा परत पकडताना. त्याच्या मागे धावले की आपण त्याच्या लेखी कुत्राच असतो. म्हणून पहिले पंधरा दिवस मी त्यांना घरातच वाटीच्या आवाजाची सवय लावली : स्टीलची वाटी चमच्याने वाजवायची आणि लगेच कोथिंबिरीची एक काडी द्यायची. आता वाटी वाजली की दोघेही स्वतःहून ने-आणीच्या पेटीत येऊन बसतात. उचलावेच लागले, तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन अंगाशी धरावे. कान धरून कधीही उचलू नये. उताणे केल्यावर ससा गप्प पडून राहतो, त्याला झोप लागली असे समजून मुले हसतात, पण ते भीतीने गोठणे असते. लहान मुलांना मी उभ्याने ससा देतच नाही; जमिनीवर मांडी घालून बसायला सांगते.

नळाला पाणी येण्याचा नेम नसतो, त्यामुळे ते अजूनही कधी कधी नेमके सकाळी, ससे बाहेर असतानाच येते. तेव्हा मी आधी वाटी वाजवते, दोघांना पेटीत घेते, पेटी घरात ठेवते, मधले दार लावते आणि मग हंडे काढते. दोन-तीन हंडे कमी भरतात.

घरात आल्यावर त्यांच्यापुढे वाळलेले गवत आणि पाणी ठेवून मी लेंड्या पाहते. त्या मोठ्या, गोल आणि कोरड्या असल्या की सगळे ठीक आहे. बाहेर काही घाबरण्यासारखे घडले असेल, तर त्याचा परिणाम पुष्कळदा काही तासांनी दिसतो : ससा खाणे सोडतो, लेंड्या बारीक होतात किंवा थांबतात, कारण त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावलेली असते. दहा-बारा तास ससा काही खात नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच रात्री पशुवैद्यांना फोन करावा.