केनियातल्या मंडळ्यांना सहकुटुंब भेट : कागद, पिवळं कार्ड आणि पन्नी

परदेशातल्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, भेटायला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा तिकिटाची होते. आम्ही तिकीट चौथ्या नंबरावर ठेवलं. आधी पासपोर्ट, मग पिवळ्या तापाची लस, मग यजमान मंडळीचं पत्र, मग तिकीट आणि शेवटी ई-टीए, म्हणजे केनियात शिरण्याची ऑनलाइन परवानगी. लसीच्या कार्डावर पासपोर्टचा नंबर लिहावा लागतो आणि ई-टीएच्या अर्जात विमानाचा व मुक्कामाचा तपशील भरावा लागतो, म्हणून क्रम मोडला की काम अडतं.

पासपोर्टची फी मोठ्यांना 1500 आणि अठराच्या आतल्यांना 1000 रुपये. लहान मुलांसाठी आईवडील दोघांच्या सह्यांचं अनेक्शर डी लागतं. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत अडचण येते ती नावाची. टी.सी.वर दाऊद, आधारवर डेव्हिड आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत नाही. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर फक्त जन्मदाखलाच चालतो. म्हणून आधी टी.सी. आणि आधार एकसारखं करून घ्यायचं आणि मगच अर्ज भरायचा.

पोलीस पडताळणी कापूस वेचणीच्या दिवसांत आली तर दिवसभर घराला कुलूप. शिपाई येतो, कोणी दिसत नाही, आणि अहवालात ‘अर्जदार आढळला नाही’ असा शेरा पडतो. शेजारी आणि पोलीस पाटील यांना आधीच सांगून ठेवा, अर्जात दिलेला मोबाइल वावरातही सुरू ठेवा.

पिवळ्या तापाची लस गावच्या दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते. ठरलेल्या दिवशीच देतात, त्यामुळे फोन करून जावं. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बाईनं किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्यानं डॉक्टरांना आधी सांगावं. हे कार्ड खरं तर परतताना लागतं. ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ई-टीए सुरू केलं. फी माणशी साधारण 30 डॉलर, आणि मुलांचा अर्जही वेगळा. उद्देशाच्या रकान्यात काय लिहायचं ते यजमान मंडळीला विचारूनच ठरवा. लांब मुदतीच्या धार्मिक कामासाठी तिथे ‘वर्ग आय’चा वेगळा परवाना असतो, त्यामुळे पंधरा दिवसांच्या भेटीला उगाच ‘मिशनरी’ लिहिलं की नसते प्रश्न निघतात.

हंगामाचा मेळ बसत नाही, हे आधीच मान्य करावं. आपल्या शाळांच्या सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये, तिकडे मोठा पाऊस असतो आणि खेड्यांकडचे मातीचे रस्ते बसतात. जानेवारी-फेब्रुवारी कोरडा, पण शाळा बुडते. आम्ही शाळा बुडवली.

सामान भरताना आपला हात सवयीनं पन्नीकडे जातो. तिखट, पापड, सरगुंडे, सगळं पन्नीत. केनियात ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आम्ही तिखट स्टीलच्या डब्यात आणि बाकीचं जुन्या लुगड्याच्या पिशव्यांत भरलं. तिथलं सॉकेट चौकोनी तीन पिनांचं असतं. आपला गोल पिनांचा चार्जर बसत नाही, दोन अडॅप्टर न्यावेत.

आपल्या पाळकसाहेबांचं (पास्टरचं) पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, सहीशिक्क्यासह आणि प्रत्येक मंडळीसाठी वेगळी प्रत हवी. उपासनेत पाहुण्यांना उभं करतात आणि आपल्या मंडळीचा सलाम सांगायला लावतात. तिथल्या स्वाहिली भाषेत ‘ब्वाना असिफिवे’ म्हणजे प्रभूची स्तुती असो, समोरून ‘आमिना’ येतं. घोटाळा होतो तो वेळेचा. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे ‘सा तातू’, तिसरा तास, हा आपला सकाळी नऊचा. कोणी वेळ सांगितली की घड्याळाचा आकडा बोट ठेवून विचारा. अर्पणात अंडी, केळी, कोंबडी येते आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. सुगीच्या उपासनेला आपल्याकडे हर्रास होते, अगदी तशीच. खिशात सुटे शिलिंग ठेवा.

मराठी माणसानं मोंबासाजवळचं राबाई आणि फ्रिअरटाऊन चुकवू नये. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्या शरणपुरात शिकवलं गेलं आणि त्यांतले काही पुढे राबाईला व 1875 मध्ये वसवलेल्या फ्रिअरटाऊनला गेले. गावाला नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. नैरोबीहून मोंबासाला रेल्वेनं साधारण पाच तास लागतात. स्टेशनवर सामानाची तपासणी होते, तासभर आधी पोचा.

पैशाबाबत कडक राहा. डॉलरच्या नोटा माणशी 3000 पर्यंतच नेता येतात. त्या नव्या, न दुमडलेल्या मागून घ्या. आणि तिकडच्या एखाद्या मंडळीनं ‘तुमच्या देवळाच्या (चर्चच्या) छपरासाठी’ म्हणून पाकीट पुढे केलं तर हात जोडून नाही म्हणा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय भारतातल्या मंडळीला परदेशी देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नकार देताना जड जातं, म्हणून आम्ही हे भेटीआधीच पत्रात लिहून टाकलं होतं.

परतताना पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. मोंबासाकडे मलेरिया आहे. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितक्या दिवस, परतल्यावरही घ्याव्या लागतात. आणि गावी आल्यावर ताप आला तर आरोग्य केंद्रात पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.