मकार्थीत शिरावं कुठून?

अमेरिकन कादंबरीकार कॉरमॅक मकार्थी वाचायचाय म्हटलं की एखादा जाणकार हटकून 'ब्लड मेरिडियन' हातात ठेवतो. सर्वांत थोर तीच, तर सुरुवातही तिच्यापासूनच, असा त्याचा हिशेब. १९८५ची ही कादंबरी थोर आहेच. पण पहिल्यांदा वाचणारे बरेच जण चौथ्या प्रकरणात गारद होतात. तिथे कोमांची या मूळ अमेरिकन जमातीचे घोडेस्वार चाल करून येतात: एकाच्या डोक्यावर उंच हॅट, एकाच्या हातात छत्री, कुणी रक्ताळलेली लग्नाची जाळी ल्यालेला, कुणाच्या अंगावर जुनं स्पॅनिश चिलखत. हे सगळं एकाच लांबलचक वाक्यात. स्वल्पविराम जवळपास नाहीतच, 'आणि'ला 'आणि' जोडत वाक्य धावत सुटतं. वाचकाला वाटतं, आपल्याला रक्तपात सोसला नाही. दम काढलेला असतो तो वाक्याने.

म्हणून मकार्थीची पुस्तकं वाक्य किती अवघड यावर लावावीत. अंधार किती यावर लावली तर क्रम चुकतो, कारण सर्वांत काळीकुट्ट म्हणावी अशी 'द रोड' वाचायला सर्वांत सोपी आहे. सुरुवात तिथूनच करावी. २००६ची कादंबरी, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. राखेने झाकलेल्या मुलखातून एक बाप आणि मुलगा दक्षिणेकडे चाललेत. सामान सुपरमार्केटच्या ढकलगाडीत, आणि गाडीच्या दांड्याला मोटरसायकलचा आरसा, मागून कुणी येतंय का ते दिसावं म्हणून. एवढ्या एका आरशात त्या जगाची सगळी दहशत आली. एकदा बापाला कोकाकोलाचा एक कॅन सापडतो. मुलाने तो कधी चाखलेलाच नाही, तरी बापाने घोट घ्यावा म्हणून तो हटून बसतो. प्रकरणं नाहीत, छोटे छोटे तुकडे आहेत, त्यामुळे कुठेही थांबता येतं.

अडतं ते संवादांपाशी. मकार्थी अवतरणचिन्हं वापरत नाही आणि कोण बोललं हेही क्वचितच सांगतो. पहिली वीसेक पानं मोठ्याने वाचावीत, आवाज आपोआप वेगळे होतात. तरी गोंधळ उडालाच तर नाव कळलेल्या शेवटच्या ओळीपर्यंत मागे जाऊन एकाआड एक मोजत यावं. 'डोन्ट', 'कान्ट' या शब्दांतली अपॉस्ट्रॉफीची खूण गायब दिसेल, तो मुद्रणदोष नव्हे.

पुढचं पुस्तक 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'. सिनेमा पाहिलेले लोक इथे पाठलागाच्या नादात शेरीफ बेलची तिरप्या टायपातली स्वगतं गाळतात. गोष्ट त्याचीच आहे, ती गाळली की शेवट अधांतरी वाटणारच.

मग 'ऑल द प्रिटी हॉर्सेस'. सोळा वर्षांचा जॉन ग्रेडी १९४९ साली टेक्सासमधून घोड्यावर मेक्सिकोत जातो. संवादांतलं स्पॅनिश भाषांतराविना येतं. प्रत्येक शब्द शोधत बसू नये, बहुतेकदा पुढच्या उत्तरावरून अर्थ लागतो. जी. ए. कुलकर्णींच्या अनुवादातून कॉनरॅड रिश्टर हा अमेरिकन कादंबरीकार वाचलेल्यांना हा मुलूख अगदीच परका वाटणार नाही. तिथे रान तोडून घर उभं राहतं, इथे घरच हातचं गेलंय.

'चाइल्ड ऑफ गॉड' जाडीला कमी म्हणून आधी उचलायचा मोह होतो. आवरावा. त्यातला नायक लेस्टर बॅलर्ड प्रेतांशी काय करतो ते लेखक शांतपणे, जवळून दाखवतो. लेखकाच्या सुरावर विश्वास बसण्याआधी ते नुसतं किळसवाणं वाटतं.

आता 'ब्लड मेरिडियन'. तेवीस प्रकरणं, रोज एक पुरे. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर जुन्या धाटणीत घटनांची यादी दिलेली असते. ती वाचूनच आत जावं, कोण कुठे पोचलं ते हरवत नाही. रहस्य फुटेल ही भीती इथे नाही.

'सट्री' सर्वांत शेवटी. जाडजूड आहे आणि सुरुवातीची तिरप्या टायपातली पानं इतकी दाट आहेत की ती नंतर वाचली तरी चालतील. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहराच्या नदीवर मासे धरणाऱ्या माणसाची ही गोष्ट, पण तिच्यात हॅरोगेट नावाचं एक कार्टं आहे. कलिंगडांच्या शेतात रात्री भलते उद्योग केल्यामुळे ते तुरुंगात पोचतं. मकार्थी खो खो हसवू शकतो हे इथवर आलेल्यालाच कळतं.