आईचा अंगठा आणि डबा उघडायचं यंत्र

कोलंबसच्या आमच्या घरात ओट्याखाली एक कप्पा आहे, त्यात नुसते पत्र्याचे डबे असतात. छोले, राजमा, टोमॅटो, सोलकढीसाठी नारळाचं दूध, बासुंदीसाठी आटवलेलं दूध, कुयरीच्या भाजीसाठी खारवलेल्या पाण्यातला कच्चा फणस, आणि सगळ्यात मागे आमरसाचे 850 ग्रॅमचे मोठे डबे. ओहायोच्या थंडीत चार-पाच महिने हा कप्पा म्हणजे आमची मंडई असते. चिपळूणला आमच्याकडे असा बंद डबा यायचा तो वर्षातून एखाद्या वेळी, कंडेन्स्ड मिल्कचा. बाबा त्यावर जुन्या सुरीचं टोक धरून वरून वरवंट्याने ठोकायचे आणि आम्ही भावंडं बोटं चाटायला भोवती उभी असायचो. इथे आठवड्याला सहा-सात डबे उघडले जातात, त्यामुळे ते कसे उघडायचे हा रोजचा प्रश्न आहे.

तो प्रश्न किती मोठा आहे हे मला आई सहा महिन्यांसाठी आली तेव्हा कळलं. आईचं वय तेव्हा अडुसष्ट. जन्मभर विळीवर चिरलं, खवणीवर नारळ खवले, पाट्यावर वाटलं आणि शाळेत फळ्यावर लिहिलं. उजव्या अंगठ्याच्या बुंध्याशी सांध्याची झीज झाली आहे असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती स्वतः याबद्दल चकार शब्द काढत नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तर ओट्यावर छोल्यांचा डबा, झाकणाला नखाएवढी अर्धगोल चीर आणि शेजारी चार घड्या केलेलं ओलं फडकं. गॅसवर पिठलं. "छोले करणार होतीस ना?" मी विचारलं. "अगं, पिठलंच करावंसं वाटलं," आई म्हणाली. जेवताना बघितलं, डाव्या हाताच्या मुठीत उजवा अंगठा दाबून धरला होता.

आमच्याकडे तेव्हा साधा, चावी फिरवायचा ओपनर होता. तो कसा चालतो ते जरा नीट बघा. डाव्या हाताने दोन्ही दांड्या आवळून धरायच्या, सोडल्या की चाक कडेवरून घसरतं. आणि उजव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीच्या चिमटीत चावी धरून वीस-पंचवीस वेळा पिरगळायची. चिमटीत जेवढा जोर लावतो त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या बुंध्यावर येतो. म्हणजे आईचा जो सांधा दुखतो, नेमकं त्याच सांध्याचं हे काम. तिने पाच-सहा वेळा प्रयत्न केला असणार आणि मग बेसनाचा डबा काढला असणार.

यावर उपाय सांगितला तो शेजारच्या आजोबांनी. एकटे राहतात, पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेलाय. आई दुपारी त्यांच्या अंगणातल्या बाकावर जाऊन बसायची. ती शाळेतलं इंग्रजी हळूहळू बोलायची, तेही तितकंच हळू उत्तर द्यायचे. तिने अंगठा दाखवला तसे ते आत गेले आणि साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, पांढरं यंत्र घेऊन आले. मांडीवर सुपाचा डबा ठेवला, डाव्या हाताने यंत्र कडेवर बसवलं, बटण दाबलं आणि हात काढून घेतला. यंत्र घरघरत आपलं आपण डब्याभोवती फिरलं. आईने मला हे सांगताना त्या हात काढून घेण्याची नक्कल करून दाखवली, दोन वेळा. दोन्ही हात धडधाकट असणाऱ्याला यात काय विशेष ते पटकन उमजत नाही. हाताने चालवायच्या ओपनरला एक हात धरायला आणि एक फिरवायला लागतो. याला ठेवण्यापुरता एक हात पुरतो.

दुसऱ्याच दिवशी मी एक मागवलं. हे पहिलं यंत्र फार टिकलं नाही, आणि त्यात बनवणाऱ्याइतकीच माझीही चूक होती. आई भारतात परतल्यावर ते खणात तसंच पडून राहिलं, आत चार पेन्सिल सेल. पुढच्या उन्हाळ्यात काढलं तर सेल पाझरलेले, पत्र्यांवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी खपली. अल्कलाइन सेलमधला क्षार बाहेर येऊन पत्रा खातो. कानकोरणीच्या कापसाला व्हिनेगर लावून पुसलं की पुष्कळदा पत्रे साफ होतात, पण माझ्या यंत्रातली एक स्प्रिंग तुटूनच आली. त्याशिवाय त्या यंत्राचं पातं वरून कापणारं होतं, झाकणाची कड करवतीसारखी राहायची. आईने एकदा झाकण कचऱ्यात टाकताना करंगळी कापून घेतली होती. म्हणून दुसरं घेताना बाजूने कापणारं घेतलं, आणि माझ्या मते घ्यायचं तर हेच घ्यावं.

फरक असा आहे. डब्याचं अंग आणि झाकण यांच्या कडा एकमेकींत दुमडून दाबलेल्या असतात, आपण करंजीची मुरड घालतो तशा. वरून कापणारं पातं त्या मुरडीच्या आतल्या बाजूने झाकण भोसकतं. झाकण आत पडतं, वरची धूळ-चिकटा अन्नात जातो आणि दोन्ही कडांना धार येते. बाजूने कापणारं पातं मुरडीचा बाहेरचा पदर तेवढा कापतं, आणि झाकण मुरडीसकट टोपणासारखं वर येतं. पातं अन्नाला लागत नाही आणि कड बोथट राहते. मी मुद्दाम बोट फिरवून बघितलंय. झाकण उचलायला यंत्रात चुंबक असतो. हे डबे बहुतेक पोलादाचे असतात, वर बहुधा कथलाचा पातळ मुलामा दिलेला असतो, म्हणून चुंबक धरतो. ॲल्युमिनियमचा डबा असेल तर झाकण आपणच उचलायचं.

वापरायला लागल्यावर एकेक गोष्ट कळत गेली. डब्याच्या अंगावर उभी जोडरेषा असते, तिथे वरच्या मुरडीचे पदर जाड होतात. यंत्र नेमकं तिथे ठेवलं तर जागच्या जागी कण्हत राहतं. बोटभर बाजूला ठेवलं की सुरळीत चालतं. आई शिकवताना करते तशी तिने त्यासाठी खूणच करून ठेवली, बॉलपेनने बाण. कागदाचं लेबल कडेपर्यंत आलं असेल तर ते चाकात गुंतून लगदा होतो, म्हणून आधी खाली ओढायचं. काठोकाठ भरलेल्या नारळाच्या दुधाच्या डब्याखाली ताटली ठेवायची. चौकोनी डब्यावर, लांबट माशांच्या डब्यावर ते चालत नाही. काही डब्यांचा तळ एकसंध गोलसर असतो, त्याला खालून कड नसते, त्यामुळे उलटा करून उपयोग नाही. आणि यंत्र नळाखाली धरायचं नाही, आत मोटर आहे. ओल्या फडक्याने चाक पुसून घ्यायचं. डबा मात्र उघडायच्या आधी वरून धुवायचा, तो कुठकुठल्या गोदामांतून आलेला असतो.

पोचा आलेल्या डब्याबद्दल मी फार काटेकोर आहे. कडेलाच पोचा असेल तर यंत्र तिथे अडतं, पण ते सोडा. कडेला पोचा म्हणजे मुरड उसवलेली असू शकते. आणि फुगलेला डबा तर उघडायचाच नाही, तसाच टाकून द्यायचा. आत बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढले असले तर चव-वास काही कळत नाही. दुकानात स्वस्त टोपलीत असे डबे ठेवलेले असतात. आईवडील काटकसरीने उचलतात, त्यांना हे आधी सांगून ठेवा.

गेल्या पाडव्याला मंडळात आमरस-पुरी होती. मार्चमध्ये इथे आपला आंबा कुठला, म्हणून डब्यांतला रस. सहा-सहा डब्यांचे चार खोके, एकूण चोवीस डबे. आम्ही तिघी डबे उघडायला, दोघींकडे हाताचे ओपनर, माझ्याकडे बॅटरीचं यंत्र. खरं सांगायचं तर घाईच्या कामाला हे यंत्र नाही. एका डब्याला अर्ध्या मिनिटाच्या वर जातं आणि त्या दोघी तेवढ्यात पुढचा डबा हातात घेत. नवव्या डब्याला त्याचा आवाज जाड झाला आणि अर्ध्या वाटेत ते थांबलं, कडेला घट्ट चावून. अशा वेळी ओढाताण करायची नाही, पातं वाकतं. सेल बदलायचे, पुन्हा बटण दाबायचं, ते उरलेली फेरी पूर्ण करून स्वतः सुटतं. सोबतच्या कागदात अल्कलाइन सेलच घाला असं लिहिलं होतं आणि मी घरातले चार्जिंगचे घातले होते. ते 1.2 व्होल्टचे, अल्कलाइन 1.5 व्होल्टचे. नवे अल्कलाइन घातल्यावर चाल बदलली. उरलेला रस डब्यातच फ्रिजमध्ये ठेवायला निघालेल्या एकीला मी थांबवलं. आंबट पदार्थाला उघड्या डब्यात पत्र्याची चव लागते, काचेच्या बरणीत काढावा.

डब्याच्या इतिहासात मला एक गोष्ट फार लागली. पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये 1810 सालचं, पीटर ड्युरंडच्या नावावर. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने ओपनरचं पेटंट घेतलं ते 1858 मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षं लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते. फिरत्या चाकाचा ओपनर 1870 चा, आणि विजेचे ओपनर घरोघरी जायला लागले ते 1956 नंतर. अन्न बंद करणाऱ्यांनी खूप विचार केला. ते उघडणारे हात कुणाचे आहेत हा विचार मागाहून आला, आणि अजून पुरता आलेला नाही. ओढायच्या कडीचंच बघा. ती काढली आमच्याकडून तासाभराच्या वाटेवरच्या डेटनच्या अर्मल फ्रेझ यांनी. 1959 मध्ये सहलीला ओपनर न्यायचा राहिला आणि त्यांना गाडीच्या बंपरवर डबा उघडावा लागला, तिथून ती कल्पना निघाली असं सांगतात. सगळे म्हणतात आता कडीचे डबे आले, ओपनर कशाला? आईला विचारा. त्या कडीखाली नख घालायचं आणि एका बोटावर सगळा जोर घेऊन ओढायचं, हे तिला चावीहून कठीण जातं. ती दुकानात कडीचा डबा बाजूला ठेवते आणि साधा उचलते.

दुसऱ्या खेपेला आई आली तेव्हा नवं यंत्र तिच्या हाती दिलं. पहिले काही दिवस ते फिरताना ती दोन्ही हात हवेत त्याच्याभोवती धरून उभी राहायची, चालायला लागलेल्या मुलाभोवती धरतात तशी. मग एका मंगळवारी दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना, फोनवर फोटो आला. ओट्यावर तीन उघडे डबे: फणस, नारळाचं दूध, छोले. तिन्ही झाकणं एकावर एक रचलेली. खाली लिहिलं होतं, "तू ये सावकाश. स्वयंपाक झालाय." संध्याकाळी कुयरीची भाजी होती, वरून ओल्या खोबऱ्याऐवजी किसलेलं सुकं खोबरं, आणि सोलकढी. शेजारच्या आजोबांकडे ती स्वतः वाटी घेऊन गेली. सोलकढीच्या रंगाला ते आधी बिचकले, मग वाटी रिकामी करून परत दिली.

तुमच्याकडे कुणाचे आईवडील येणार असतील आणि तुम्ही दिवसभर बाहेर असाल, तर ते उतरायच्या आधीच हे घेऊन ठेवा. पहिले दोन-चार डबे त्यांच्यासोबत उभं राहून उघडा आणि मग खरंच बाजूला व्हा. "राहू दे, मी आल्यावर उघडून देते" हे मी पहिल्या खेपेला रोज म्हणत होते. त्यामुळे आई दिवसभर काय शिजवू शकते आणि काय नाही, हे मीच ठरवत होते.

मार्चमध्ये आई परत गेली, त्याच रात्री मी यंत्रातले सेल काढून वेगळे ठेवले. ऑक्टोबरात ती पुन्हा येते आहे. चार नवे पेन्सिल सेल आणलेत आणि फणसाचे डबे कप्प्यात पुढे ओढून ठेवलेत.